सागरमार्गाचा राखणदार

इ. स. १९१७ च्या एप्रिल महिन्याची ९ तारीख. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. 'न्यूयॉर्क' नावाची एक अमेरिकन आगबोट अटलांटिक महासागर ओलांडून इंग्लंडमधील लिव्हरपूल बंदराच्या तोंडाशी आली होती. प्रवास संपत आला म्हणून उतारू सामानाची आवराआवर करीत होते. इतक्यात समुद्रात पेरलेला एक पाणसुरुंग बोटीवर आदळून फुटला. बोट हादरली; उतारूंची एकच धावपळ उडाली. सुदैवाने बोट तात्काळ बुडाली नाही. उतारूंना दुसऱ्या एका बोटीवर घेऊन किनाऱ्यावर पोचविण्यात आले.

त्या उतारूंमध्ये साध्या पोशाखातील एक उंच, ताठ बांध्याचे, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते. बोटीच्या यादीत त्यांचे नाव डेव्हिडसन असे नोंदलेले होते. परंतु ते नाव खरे नव्हते. ते होते अमेरिकन आरमारातील रिअर अ‍ॅडमिरल विल्यम साउडन सिम्स. ते अमेरिकेहून निघाले तेव्हा त्यांचा देश युद्धात पडलेला नव्हता. म्हणूनच हा प्रवास गुप्तपणे करावा लागला होता. बोट समुद्रात असतानाच, ६ एप्रिल रोजी, अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. इंग्लंडच्या भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वीच सिम्स यांना शत्रूच्या शस्त्राची चुणूक मिळाली. पुढील दीड वर्षात अटलांटिक महासागरावरून लक्षावधी सैनिक आणि अगणित सामान सुखरूप नेण्याच्या महान कार्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या सेनानीचे हे चरित्र आहे.

सिम्स यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८५८ रोजी कॅनडातील पोर्ट होप ह्या गावी झाला. त्यांचे वडील अमेरिकन असून व्यवसायाने इंजिनियर होते. आई कॅनडातील होती. विल्यम लहान असतानाच हे कुटुंब अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात येऊन राहिले. १८७६ साली विल्यम अ‍ॅनापोलिस येथील नौदलाच्या विद्यालयात दाखल झाले आणि १८८० साली तेथील शिक्षण पुरे करून बाहेर पडले. त्या काळी अमेरिकन आरमार जुनाट अवस्थेत होते. तरुण अधिकाऱ्याला बढतीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. पुष्कळजण ह्या रिकामपणाला कंटाळत. सिम्स यांनी मात्र तो काळ वाचनात आणि अभ्यासात घालविला. एक वर्ष रजा काढून ते पॅरिसला राहिले व फ्रेंच भाषा शिकले. ही भाषा त्यांना पुढे फार उपयोगी पडली. कारण १८९७ साली पॅरिस येथील अमेरिकन वकिलातीत नौदलाचे प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक झाली. परदेशी आरमारांची बारकाईने पाहणी करावी आणि जे दिसले ते आपल्या सरकारला जसेच्या तसे कळवावे, हे त्यांचे काम होते. पाहावे तसे लिहावे, ही सवय त्यांच्या अंगी येथेच दृढ झाली.

पुढे त्यांची बदली चीनच्या समुद्रावरील अमेरिकन आरमारात झाली. तेथे त्यांची पर्सी स्कॉट ह्या इंग्रज कप्तानाशी गाठ पडली. समुद्रावर जहाज सतत डोलत असते. त्यामुळे तोफेचा नेम क्षणात वर जातो, क्षणात खाली येतो. जहाज डोलताना योग्य क्षणी तोफ डागावयाची, अशी तोवरची रीत होती. स्कॉटने तोफेची यंत्ररचना अशी बदलली, की जहाज जसे डोलेल तशी गोलंदाजाला तोफ उलट दिशेने हलविता यावी, म्हणजे नेम लक्ष्यावरून ढळूच नये. सिम्स यांनी ही युक्ती पाहिली, पारखली आणि आपल्या आरमाराची स्थिती आठवून ते अस्वस्थ झाले. १८९९ साली पाच अमेरिकन युद्धनौकांनी सोळाशे यार्डांवर उभ्या केलेल्या एका जुन्या जहाजावर प्रत्येकी पाच मिनिटे गोळे झाडले होते. पंचवीस मिनिटांच्या त्या भडिमारात अवघे दोन गोळे त्या जहाजाच्या शिडांना लागले होते!

सिम्स यांनी वॉशिंग्टनला अहवालामागून अहवाल पाठविले. प्रथम त्यांकडे कोणी लक्षच दिले नाही. पुढे वरिष्ठांनी ही युक्ती अशक्य आहे असे ठरविले. त्यासाठी त्यांनी प्रयोगही केला. पण तो केला भक्कम जमिनीवर ठेवलेल्या तोफेवर! जी अडचण जहाज डोलण्यामुळे निर्माण होते आणि जिला उत्तरही त्या डोलण्याच्याच साहाय्याने मिळते, तिची परीक्षा न डोलणाऱ्या जमिनीवर घेण्यात आली. अखेरीस १९०१ साली सिम्स यांनी एक धाडस केले. आपल्या सर्व वरिष्ठांना ओलांडून त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांस पत्र लिहिले. लष्करी शिस्तीच्या दृष्टीने हा मोठाच अपराध होता. ह्यामुळे आपली नोकरी जाऊ शकेल हे त्यांना ठाऊक होते. परंतु युद्धाच्या दिवशी ज्या तोफा कुचकामाच्या ठरतील, त्यांच्या आधारावर खलाशांचे प्राण टांगून ठेवणे त्यांच्या मनाला पटेना. रूझवेल्ट यांनी १९०२ साली त्यांना परत बोलावून घेतले आणि सर्व आरमाराच्या गोलंदाजीचे निरीक्षक नेमले. काही वर्षांतच, त्याच सोळाशे यार्डांवरून, ७५ फूट लांब व २५ फूट उंच लक्ष्यावर एका गोलंदाजाने एका मिनिटात पंधरा गोळे अचूक मारून दाखविले.

असा हा मनुष्य बोलण्यात मात्र अतिशय सडेतोड होता. १९१० साली लंडनमधील एका समारंभात त्यांनी भाषण केले. ब्रिटनवर संकट आले तर अमेरिका आपले सर्वस्व घेऊन त्याच्या पाठीशी उभी राहील, अशा आशयाचे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले. सरकारी अधिकाऱ्याने असे आश्वासन देणे गैर होते. राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी त्यांना उघड ताकीद दिली. त्या वेळी कोणासही कल्पना नव्हती, की सात वर्षांनी ब्रिटनच्या मदतीस जाण्याचे काम ह्याच अधिकाऱ्यावर सोपविले जाईल.

लिव्हरपूलहून सिम्स रेल्वेने लंडनला पोचले आणि १० एप्रिल रोजी ब्रिटिश आरमाराचे प्रमुख अ‍ॅडमिरल जेलिको यांना भेटले. दोघांची चीनच्या मुक्कामापासून ओळख होती. जेलिको यांनी खणातून एक कागद काढून त्यांच्या हाती दिला. त्यावर जर्मन पाणबुड्यांनी बुडविलेल्या जहाजांचे आकडे होते. जर्मनीने १ फेब्रुवारी १९१७ पासून ब्रिटनभोवतालच्या समुद्रात, कोणत्याही देशाचे जहाज असो, ते पूर्वसूचना न देता बुडविण्याचे सत्र आरंभिले होते. फेब्रुवारीत ५,३६,००० टन वजनाची जहाजे बुडाली होती. मार्चमध्ये ६,०३,००० टनांची. आणि एप्रिलचा आकडा नऊ लाखांच्या घरात जाईल अशी चिन्हे होती. वर्तमानपत्रांतून लोकांना जे कळत होते त्याहून हे नुकसान कितीतरी पटींनी अधिक होते. ब्रिटनमधून दूर देशी निघालेल्या दर चार जहाजांपैकी एक परत येत नव्हते. ब्रिटन हे बेट आहे. त्याचे धान्य, तेल, लोखंड समुद्रावरूनच यावयाचे. हे असेच चालू राहिले तर काही महिन्यांतच अन्नावाचून ब्रिटनला शरण जावे लागेल, हे जेलिको यांनी शांतपणे सांगितले. ह्यावर उपाय काय असे सिम्स यांनी विचारले, तेव्हा तूर्त तरी उपाय दिसत नाही, अशी कबुली त्यांना ऐकावी लागली.

उपाय शोधणारे लोक मात्र होते. ब्रिटिश आरमारातीलच काही तरुण अधिकारी जहाजांचे काफिले करून, सोबत युद्धनौकांचा पहारा देऊन ती न्यावीत असे म्हणत होते. ही कल्पना नवी नव्हती. आपल्याकडे पूर्वी व्यापारी व लमाण बैलांचे तांडे करून घाट उतरत. रानातून एकटादुकटा जाणारा वाटसरू लुटला जाई. तांड्याबरोबर हत्यारबंद राखणदार असत, त्यामुळे दरोडेखोर सहसा वाटेस जात नसत. समुद्रावरील काफिल्याचे तत्त्व हेच आहे. तथापि, बहुतेक ज्येष्ठ आरमारी अधिकाऱ्यांचा त्यास विरोध होता. व्यापारी जहाजांच्या कप्तानांना रांग धरून चालणे जमणार नाही. सर्वांत मंद जहाजाच्या चालीने सर्वांना चालावे लागेल. पाणबुडीला एकाच जागी अनेक सावजे सापडतील. आणि इतक्या जहाजांना पुरतील एवढ्या विनाशिका कोठून आणावयाच्या, असे त्यांचे आक्षेप होते. शिवाय अनेकांना राखणीचे काम कमीपणाचे वाटे. शत्रूचा माग काढून त्याच्यावर तुटून पडणे हाच आरमाराचा खरा धर्म, अशी त्यांची समजूत होती.

ह्या आक्षेपांत एक मोठी चूक दडलेली होती. ब्रिटिश बंदरांत दर आठवड्याला अडीच हजार जहाजे येतात व तितकीच जातात, असे कागदोपत्री दिसत असे. इतक्यांना पहारा देणे अशक्यच होते. परंतु रेजिनाल्ड हेंडरसन नावाच्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने हे आकडे तपासले, तेव्हा त्यांत किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणाऱ्या लहान होड्यांचीही गणना केलेली आढळली. महासागर ओलांडून येणारी मोठी जहाजे आठवड्याला जेमतेम सव्वाशे ते दीडशे होती! सिम्स यांना काफिल्याची कल्पना पटली आणि त्यांनी लंडनमध्ये तिचा हिरिरीने पुरस्कार केला.

समुद्र किती विशाल आहे हे लक्षात घेतले, म्हणजे काफिल्याचे मर्म कळते. वीस जहाजे एकेकटी निघाली तर ती वीस ठिकाणी असतात. वाटेत दबा धरून बसलेल्या पाणबुडीला त्यांपैकी कोणते ना कोणते दिसतेच. तीच वीस जहाजे एकत्र निघाली, तर अफाट समुद्रात तो केवळ एक ठिपका असतो. तो निसटला की पाणबुडीपुढे रिकामा समुद्र उरतो. आणि तो दिसलाच तरी पाणबुडीला सोबतच्या विनाशिकांशी गाठ घालावी लागते. विनाशिका ही लहान, हलकी, पण अत्यंत वेगवान युद्धनौका. पाण्याखालून जाणारी पाणबुडी फार मंद चालते. तिने पाणतीर सोडला की त्याचा पांढरा माग पाण्यावर उमटतो. त्या मागावरून विनाशिका धावत येते आणि पाण्याखाली ठरलेल्या खोलीवर फुटणारे बॉम्ब टाकते. अशा रीतीने, शत्रूला शोधीत समुद्र धुंडाळण्याऐवजी, जेथे त्याला यावेच लागेल तेथेच त्याची वाट पाहता येते. राखण करता करता शिकारही साधते.

१० मे १९१७ रोजी जिब्राल्टरहून पहिला प्रायोगिक काफिला निघाला आणि एकही जहाज न गमावता ब्रिटनला पोचला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या किनाऱ्यावरून दुसरा काफिला निघाला. त्यातील जी जहाजे रांगेत राहिली ती सुखरूप पोचली. मागे पडलेल्यांपैकी एक मात्र पाणबुडीच्या भक्ष्यस्थानी पडले. ह्याहून बोलका पुरावा कोणता हवा होता?

परंतु सिम्स यांचे खरे कष्ट लंडनमध्ये नव्हते. ते वॉशिंग्टनशी चाललेल्या पत्रव्यवहारात होते. असतील नसतील तेवढ्या विनाशिका तात्काळ पाठवा, अशा तारा ते पाठवीत होते. नौदल खात्यातील वरिष्ठांना मात्र वाटे, की सिम्स हे इंग्रजांच्या आहारी गेले आहेत आणि त्यांचेच तुणतुणे वाजवीत आहेत. १९१० सालचे ते भाषण कोणी विसरले नव्हते. त्यांच्या शब्दाला पुरेसे वजन येईना, तेव्हा लंडनमधील अमेरिकन राजदूत पेज यांनीही तेच वृत्त आपल्या सरकारला स्वतंत्रपणे कळविले. आपल्यावर संशय आहे हे जाणूनही सिम्स यांनी आकडे सौम्य केले नाहीत किंवा मागणी कमी केली नाही.

अखेर ४ मे १९१७ रोजी सहा अमेरिकन विनाशिका आयर्लंडमधील क्वीन्सटाउन बंदरात दाखल झाल्या. वाटेत त्यांना वादळी समुद्र लागला होता. तेथील ब्रिटिश सेनापती अ‍ॅडमिरल बेली हे कडक शिस्तीचे गृहस्थ होते. तुम्ही कामावर केव्हा जाऊ शकाल असे त्यांनी विचारले, तेव्हा तेल भरून होताच निघू, असे उत्तर त्या तुकडीचे प्रमुख कमांडर टॉसिग यांनी दिले. ऑगस्टअखेर तेथील अमेरिकन विनाशिकांची संख्या पस्तिसावर गेली. सिम्स यांनी येथे आणखी एक अवघड निर्णय घेतला. आपल्या विनाशिका त्यांनी बेली यांच्या हुकमतीखाली दिल्या. स्वतंत्र आरमाराचा मान मिरविण्यापेक्षा एका समुद्रावर एकाचाच हुकूम चालणे हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले. पुढे जून महिन्यात बेली काही दिवस रजेवर गेले, तेव्हा त्यांनी क्वीन्सटाउनची सूत्रे सिम्स यांच्याकडे दिली. ब्रिटिश आरमारी कचेरीवर त्या दिवसांत अमेरिकन अ‍ॅडमिरलचे निशाण फडकत होते. मान बाजूला ठेवणाऱ्यालाच मान मिळतो, तो असा.

आता अमेरिकेचे सैन्य युरोपात नेण्याचा प्रश्न उभा राहिला. तीन हजार मैल समुद्र ओलांडून फौजा न्यावयाच्या होत्या. १४ जून १९१७ रोजी सैनिकांची पहिली जहाजे न्यूयॉर्कहून निघाली. त्यांच्या रक्षणाची जबाबदारी रिअर अ‍ॅडमिरल ग्लीव्ह्ज यांच्यावर होती. चार तुकड्यांत विभागलेली ती जहाजे सुमारे चौदा हजार माणसे घेऊन फ्रान्समधील सेंट नाझेर बंदरात सुरक्षित पोचली. पुढे अमेरिकन बंदरांत अडकून पडलेली मोठी जर्मन प्रवासी जहाजेही ह्या कामास जुंपण्यात आली. जर्मन खलाशांनी त्यांची यंत्रे मोडून ठेवली होती. परंतु अमेरिकन कारागिरांनी ती सांधून दुरुस्त केली. त्यांपैकी 'फाटरलांड' ह्या अजस्र जहाजाला 'लेव्हायथन' हे नवे नाव मिळाले. ते एका खेपेस दहा हजारांवर सैनिक नेत असे.

हा प्रवास कसा होत असे? जहाजांच्या पोटात एकावर एक अशा खाटांच्या माळा लावलेल्या असत. सैनिक चोवीस तास प्राणरक्षक पट्टे जवळ बाळगीत. संकटकाळी कोणी कोणत्या होडीकडे धावावे, ह्याची रोज कवाईत होई. रात्री एकही दिवा दिसू दिला जात नसे. उघड्या डेकवर काडी ओढण्यासही मनाई असे. पाण्यावर तरंगणाऱ्या कचऱ्यावरून शत्रूला माग लागू नये म्हणून तो वाटेल तेव्हा समुद्रात फेकता येत नसे. जहाजे सरळ न जाता नागमोडी वाटेने जात, म्हणजे पाणबुडीला नेम धरता येऊ नये. पुष्कळ जहाजांवर काळेपांढरे चित्रविचित्र पट्टे रंगविलेले असत. त्यांमुळे जहाज कोणत्या दिशेला व किती वेगाने चालले आहे ह्याचा शत्रूला अंदाज येत नसे. मध्यसमुद्रात सोबतीला एखादी क्रूझर असे. विनाशिकांच्या पोटात संपूर्ण महासागर पार करण्याइतके तेल मावत नसल्यामुळे त्या युरोपकडून निघून, पाणबुड्यांचा वावर जेथे सुरू होई तेथे, ठरल्या वेळी काफिल्याला येऊन मिळत. पहाटेच्या धूसर प्रकाशात त्यांच्या चिमुकल्या आकृती क्षितिजावर दिसू लागल्या, म्हणजे जहाजांवरील सैनिक हर्षाने ओरडत.

ह्या सर्व हालचालींची सूत्रे लंडनमधून हलत. ब्रिटिश आरमारी कचेरीतील एका दालनात अटलांटिकचा प्रचंड नकाशा भिंतीवर लावलेला होता. कोणता काफिला कोठे आहे आणि कोणती पाणबुडी कोठे दिसली, ह्याच्या खुणा त्यावर केल्या जात. धोका दिसताच बिनतारी संदेशाने काफिल्याची वाट बदलली जाई. समुद्रावरील सैनिकांना ह्याचा पत्ताही नसे. आपली वाट रात्रीतून का बदलली, हे त्यांना कधीच कळले नाही.

येथे सिम्स आणि वॉशिंग्टन ह्यांच्यात पुन्हा मतभेद झाला. सैनिकांच्या जहाजांचे रक्षण हेच विनाशिकांचे पहिले कर्तव्य, असे नौदल खात्याने बजावले. सिम्स यांनी ते पाळले. सैनिकांच्या जहाजांना त्यांनी नेहमीच भक्कम पहारा दिला. परंतु धान्य, दारूगोळा व तेल नेणारी जहाजे बुडत राहिली, तर फ्रान्समध्ये उतरलेला सैनिक लढणार कशाच्या बळावर, हा प्रश्न ते वारंवार विचारीत. मालवाहू जहाजाचे रक्षण म्हणजेच सैनिकाचे रक्षण, असे त्यांचे मत होते.

त्या जहाजांशी आपलाही एक दुवा आहे. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर त्या काळी हजारो हिंदी माणसे राबत होती. डेकवरील खलाशांत रत्नागिरीकडचे अनेक होते, तर उतारूंच्या सेवेस असलेल्या नोकरांत गोव्याकडचे पुष्कळ होते. जहाज बुडाले की त्यांच्या घरी केवळ बातमी पोचे. मुंबईत मशीद बंदर भागातील खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धातील एक स्मारक आहे. समुद्रावाचून दुसरी समाधी ज्यांना लाभली नाही, अशा दोन हजारांहून अधिक नाविकांची स्मृती तेथे जपलेली आहे. प्रत्येक सुखरूप पोचलेल्या काफिल्याने असे आणखी किती संसार वाचविले, ह्याची नोंद कोणत्याच दगडावर नाही.

ह्या पहाऱ्याची किंमतही मोजावी लागली. ६ डिसेंबर १९१७ रोजी 'जेकब जोन्स' ही अमेरिकन विनाशिका पाणतीर लागून बुडाली आणि साठाहून अधिक खलाशी प्राणांस मुकले. ५ फेब्रुवारी १९१८ रोजी दोन हजारांवर अमेरिकन सैनिक घेऊन चाललेले 'टस्केनिया' हे ब्रिटिश जहाज आयर्लंड व स्कॉटलंड यांच्यामधील समुद्रात बुडविले गेले. सोबतच्या ब्रिटिश विनाशिका अंधारात त्याच्या बाजूला लागल्या आणि बहुतेकांना त्यांनी वाचविले; तरीही दोनशेहून अधिक माणसे दगावली. परंतु अमेरिकन आरमाराच्या पहाऱ्याखाली फ्रान्सकडे निघालेले सैनिकांचे एकही जहाज बुडाले नाही. १९१८ च्या जुलै महिन्यात एकाच महिन्यात तीन लाखांहून अधिक सैनिक पलीकडे नेण्यात आले. युद्ध संपेपर्यंत ही संख्या वीस लाखांच्या घरात गेली. ह्यांपैकी जवळजवळ निम्मे सैनिक ब्रिटिश जहाजांतून गेले, ही गोष्ट सिम्स यांनी कधी लपविली नाही. काफिल्यातून गेलेल्या एकूण जहाजांपैकी बुडालेल्यांचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होते.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले. त्या वेळी सिम्स यांच्या हाताखाली सुमारे पावणेचारशे जहाजे आणि पाऊण लाख अधिकारी व खलाशी होते. गंमत अशी, की हा सेनापती बहुतेक काळ लंडनमधील एका कचेरीत बसून होता. त्याने एकही मोठी आरमारी लढाई जिंकली नाही. त्याचा विजय न घडलेल्या घटनांत होता: जी जहाजे बुडाली नाहीत, जे सैनिक बुडून मेले नाहीत, त्यांत तो होता.

मायदेशी परतल्यावर सिम्स यांनी न्यूपोर्ट येथील नौदल युद्धविद्यालयाचे प्रमुखपद पुन्हा स्वीकारले. सन्मानपदके वाटण्यात अन्याय झाला आहे असे वाटल्यावरून, त्यांनी स्वतःला देऊ केलेले पदक नाकारले. १९२० साली त्यांनी नौदल खात्याला एक परखड पत्र लिहिले. युद्धाच्या आरंभी खात्याने दिरंगाई केली आणि तिच्यामुळे प्राण व जहाजे नाहक गमवावी लागली, असा त्यांचा आरोप होता. अमेरिकन लोकसभेच्या वरिष्ठ सभागृहाच्या समितीपुढे त्याची चौकशी झाली. खात्यानेही आपली बाजू मांडली. त्या वादात संपूर्ण सत्य एकाच बाजूला होते असे म्हणता येणार नाही; सिम्स यांच्या तिखट जिभेने मित्रांनाही दुखविले. परंतु चुका झाकून ठेवल्या तर पुढील युद्धात त्याच पुन्हा होतील, ही त्यांची तळमळ खोटी नव्हती. आपल्या अनुभवांवर त्यांनी एका सहलेखकाच्या साहाय्याने ग्रंथ लिहिला. त्यास १९२१ साली इतिहासाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९२२ साली ते निवृत्त झाले. त्यानंतरही, पुढील काळात आरमाराचे मुख्य बळ विमानवाहू जहाजांत असेल, असे ते आग्रहाने सांगत राहिले. २८ सप्टेंबर १९३६ रोजी बोस्टन येथे त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत.

त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी जे घडले ते विचार करण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या आरंभी, जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्याच किनाऱ्यावर येऊन ठेपल्या. तेथे जहाजे पहाऱ्यावाचून एकेकटी फिरत होती. विनाशिका पुरेशा नाहीत, काफिले करता येणार नाहीत, ही जुनीच उत्तरे पुन्हा ऐकू आली. थोड्याच महिन्यांत शेकडो जहाजे बुडाली. मग मे महिन्यापासून किनाऱ्यालगत काफिले सुरू झाले आणि नुकसान ओसरू लागले. जो धडा सिम्स यांनी एकदा शिकविला होता, तो पुन्हा माणसांच्या प्राणांचे मोल देऊन शिकावा लागला.

शत्रूवर चाल करून जाणाऱ्या वीराचे पोवाडे जगात सर्वत्र गाइले जातात. रात्रभर जागून इतरांची वाट सुरक्षित ठेवणाऱ्या राखणदाराचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. राखणीचे यश डोळ्यांना दिसत नाही. सकाळ झाली आणि सर्वजण सुखरूप आहेत, एवढेच दिसते. अ‍ॅडमिरल सिम्स यांनी ह्या न दिसणाऱ्या यशासाठी आपला मान, लौकिक आणि वरिष्ठांची मर्जी पणाला लावली. कटू असले तरी खरे तेच सांगावे आणि नाव मिळो वा न मिळो, सोपविलेली माणसे पैलतीरी पोचवावी, हा त्यांच्या जीवनाचा बोध आहे.